पीसीओएस, अमळनेर आणि अंडं फुटायची वाट

कानबाई देवी बसायच्या आधी आमच्याकडे खान्देशात बायका मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. श्रावणातला तो रविवार वर्षातून एकदाच येतो, रोट करायचे असतात, सोवळं असतं, त्यामुळे कोणी धोका पत्करत नाही. चोपड्याजवळच्या माझ्या माहेरी माय आणि काकू दरवर्षी त्या गोळ्या घ्यायच्या. मला कधीच लागल्या नाहीत. माझी पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिने फिरकायचीच नाही. ‘हिनं बरं शे,’ (हिचं बरं आहे) काकू म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटायचं. हनुवटीवर राठ केस यायचे ते पार्लरमध्ये काढून घ्यायचे. मानेवर काळपट पट्टा होता, तो माय बेसन आणि लिंबू लावून घासायची. या तिन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या, पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशयातलं अंडं वेळेवर वाढून न फुटणं) असतील, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

लग्न होऊन अमळनेरला आले. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघते. मूल हवं असं ठरवल्यानंतर वर्ष उलटलं तेव्हा आम्ही जळगावला दाखवायला गेलो. साधारण नियम असा, की वर्षभर प्रयत्न करून राहिलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहाच महिने थांबायचं. ज्या बाईची पाळीच महिनोन्महिने येत नाही तिला मात्र हा नियम लागू नाही, तिने लगेच गेलं तरी चालतं.

पहिल्या ठिकाणी पोटावरून सोनोग्राफी झाली. त्यासाठी पाणी पिऊन लघवी धरून बसावं लागतं, ते एक दिव्यच. रिपोर्टवर ‘दोन्ही अंडाशयांत पीसीओ’ असं आलं. समोरच्या माणसाने रिपोर्टवर नजर टाकली, ‘नैसर्गिक अवघड आहे’ म्हणाला, आणि आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, पॅकेजचा छापील कागद पुढे सरकवला. आकडा दीड लाखाच्या पुढचा होता. माझा धंदाच कागद वाचायचा, त्यामुळे आकड्यापेक्षा कागदात काय नाही तेच मला आधी दिसलं. पाळी किती दिवसांनी येते, हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याची एकही तपासणी झाली नव्हती. शुगर, थायरॉइड काहीच नाही. सात मिनिटांत निकाल आणि बिल दोन्ही तयार. आम्ही कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर पडलो. आयव्हीएफ वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. 2021 च्या कायद्यानुसार अशा केंद्रांना नोंदणीही लागते, आणि ज्यांना खरंच गरज असते त्यांना त्यातून मुलं होतात. पण पीसीओएसमध्ये तो शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही.

दुसऱ्या डॉक्टर मॅडम वयस्कर होत्या. सोनोग्राफीचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि आधी तारखा मागितल्या. माझ्या डायरीत कापसाच्या गाठी किती आल्या, ट्रक किती गेले यांच्या शेजारी लाल पेनाने पाळीच्या तारखा टाकलेल्या असायच्या. वर्षात पाच. कधी चाळीस दिवसांनी, कधी नव्वदच्या पुढे. त्यांनी मान हलवली, उठून माझा पदर सारून मानेकडे बघितलं आणि विचारलं, ‘घरात शुगर कोणाला आहे?’ वडिलांना, आजीला, एका मामाला. मायच्या बेसनाने ज्याचं कधी काही वाकडं झालं नाही, तो पट्टा मळाचा नव्हता. शरीरात इन्सुलिन जास्त फिरतं तेव्हा मानेवर, काखेत त्वचा अशी जाड आणि काळी होते.

निदान कसं होतं ते त्यांनी सांगितलं. 2003 साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञांची बैठक झाली, तेव्हापासून जगभर तीन गोष्टी बघतात: पाळी अनियमित आहे का, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तात तसा पुरावा आहे का, आणि सोनोग्राफीत अंडाशय तसे दिसतात का. तिन्हीपैकी दोन असल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं नसली, की पीसीओएस. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवरून ते ठरत नाही. पाळी दर महिन्याला नीट येणाऱ्या कितीतरी तरुण मुलींचे अंडाशय तसे दिसतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. 2023 पासून प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच या अंडाशयातल्या हार्मोनची रक्ततपासणीही चालते असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अंदाज होता की मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांपैकी आठ ते तेरा जणींना हे असतं, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना ते माहीतही नसतं. हे ऐकून मला माझ्या माहेरची अर्धी आळी आठवली.

सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या काळ्या-काळ्या टिकल्या ज्यांना आमच्याकडे सगळे ‘गाठी’ म्हणतात, त्या गाठी नसतात. प्रत्येकीत एक कच्चं अंडं असतं. दर महिन्याला त्यातलं एक मोठं होऊन फुटायला हवं, पण इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन यांच्या गोंधळात सगळीच अर्ध्यावर थांबतात. कपाशीला बोंडं भरपूर लागावीत आणि उमलू नये एकही, तसं. त्यामुळे ऑपरेशन करून त्या काढायच्या नसतात. माझ्या मोठ्या जावेच्या बहिणीला कोणीतरी तसं सांगितलं होतं आणि ती घाबरून दोन वर्षं डॉक्टरकडेच गेली नव्हती.

मी सरळच विचारलं, ‘मॅडम, मला मूल व्हायची शक्यता किती?’

‘आधी मला सांग, तुझं अंडं वर्षातून किती वेळा फुटतं?’

ते मला कसं माहीत असणार! तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी अजून कोणी विचारलं की तसंच सांगते. सगळं ठीक असलेल्या तरुण जोडप्याचंसुद्धा दर महिन्याला राहत नाही. शंभर जोडपी घेतली तर एखाद्या महिन्यात वीस-पंचवीस जणांनाच राहतं. वर्षभरात मात्र ऐंशीच्या वर जातात, कारण बारा-तेरा संधी मिळतात. माझं अंडं वर्षातून तीन-चारदा फुटत असेल, तेही कधी ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे मला संधीच कमी मिळत होत्या. अंडी संपली होती असं नाही, उलट पीसीओएसमध्ये अंड्यांचा साठा चांगला असतो. ‘मूल होईल का’ हा प्रश्न बाजूला ठेव, अंडं फुटतंय का एवढं आपण बघू, असं त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, ‘म्हणजे मोटार जळाली नाही, फेज गायब होतोय.’ त्याचं त्याला पटलं, मी काही बोलले नाही.

त्याला मात्र स्वतःची तपासणी पटेना. ‘माझ्यात काय असणार?’ हे वाक्य आमच्या भागात शाळेत शिकवत असावेत. मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं की सगळ्या तपासण्यांत सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी आणि बिनदुखण्याची तपासणी त्याचीच आहे, आणि ती झाल्याशिवाय त्या मला एकही गोळी देणार नाहीत. किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. अमळनेरहून डबीत घालून नेऊ का, असं त्याने विचारलं. नमुना तासाभराच्या आत, जमलं तर अर्ध्या तासात बघावा लागतो, आणि आमची गाडी धरणगाव, पाळधी करत तेवढ्यात पोहोचत नाही. तेव्हा जळगावच्या लॅबमध्येच, मागच्या खोलीत. बाहेर आला तेव्हा चेहरा असा, की मी हसू आवरायला पिशवीत डोकं घातलं. रिपोर्ट चांगला होता. एका मिलीलीटरला निदान एक कोटी साठ लाख शुक्राणू हवेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा आहे, त्याचे त्यापेक्षा बरेच वर होते. तो कागद त्याने कितीतरी दिवस दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

माझं थायरॉइड, प्रोलॅक्टिन ठीक आलं. उपाशीपोटीची शुगर किंचित वर, जेवणानंतरचीही काठावर. वजन 74 किलो, उंची पाच फूट दोन इंच. मॅडम म्हणाल्या, बारीक व्हायचं नाहीये, चार किलो कमी कर. वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप जागेवर येते. दहा-वीस किलो सांगितलं असतं तर मी नमस्कार करून घरी आले असते. चार म्हटल्यावर हिशेब जमण्यासारखा वाटला. सोबत फोलिक ॲसिडची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या आधीपासून. बाळाच्या मणक्यासाठी ती लागते, आणि दिवस गेल्याचं कळेपर्यंत मणका बनून झालेला असतो.

खान्देशात राहून जेवण कमी करणं काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. शेवभाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर आमच्याकडे भाजी नासली समजतात. वरण-बट्टी म्हटली की बट्टी तुपात बुडवायची. त्यात कोणाच्याही घरी गेलं की केळी पुढे येतात, रावेर-यावलचे नातेवाईक तर घडच पाठवतात. डॉक्टरांनी डाएटचा छापील तक्ता दिला होता, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. तो मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हे कुठल्या दुकानात मिळतं?’ शेवटी आमचं आम्हीच ठरवलं. दुपारी पोळीऐवजी दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, एकच. सोबत भरीत किंवा पालेभाजी आधी, भात शेवटी आणि वाटीभर. जिनिंगमध्ये दिवसातून चारदा येणारा साखरेचा चहा दोनदा, आणि बिनसाखरेचा. केळं बंद केलं नाही, जेवणाबरोबर मात्र खायचं नाही. रात्रीचं जेवण साडेसातला. नवरा दुकानातून नऊला येतो, त्यामुळे घरात दोन पंगती सुरू झाल्या, आणि ‘सून आधी जेवते’ ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

चालायला पहाटे साडेपाचला निघायचे, बोरी नदीच्या बाजूने. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, सातनंतर चालण्यात राम नसतो. गाऊनवर ओढणी घेतलेल्या बायकांचा तिथे रोजचा घोळका असे. त्यांच्यात मिसळल्यावर कळलं की निम्म्या जणी शुगरसाठी चालतात आणि दोन-तीन जणी माझ्याच कामासाठी.

मेटफॉर्मिनबद्दल मात्र आधीच सांगायला हवं. ही शुगरची गोळी, इन्सुलिनला शरीराने नीट दाद द्यावी म्हणून. रात्रीच्या जेवणासोबत 500 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, आणि ते कोणत्या वेळी होतील ते सांगता येत नाही. सकाळच्या पॅसेंजरमध्ये टॉयलेटपासून लांबची जागा मी कित्येक आठवडे घेतली नाही. हळू विरघळणारी गोळी बदलून दिल्यावर बरं वाटलं. फार दिवस घेतली तर व्हिटॅमिन बी 12 कमी होऊ शकतं, म्हणून तेही तपासून घ्यावं. आमचं घर माळकरी, त्यामुळे माझं आधीच कमी होतं. याच काळात नात्यातल्या एका बाईने इनोसिटॉलची महागडी पाकिटं सुचवली. मॅडम म्हणाल्या, नुकसान नाही, पण पुरावा फार पक्का नाही, पैसे जास्त झाले असतील तर घे. जास्त झाले नव्हते.

दुसरी एक वस्तू ऑनलाइन मागवली होती, अंडं फुटायची वेळ सांगणाऱ्या लघवीच्या पट्ट्या. पहिल्याच दिवशी दोन ठळक रेषा. दुसऱ्या दिवशीही दोन. आठवडाभर रोजच दोन. पट्टी अंडं फुटायच्या आधी वाढणारं एलएच नावाचं हार्मोन मोजते, आणि पीसीओएस असलेल्या कित्येक जणींमध्ये ते एरवीही वर असतं. पट्ट्या शेवटी दुकानातल्या मुलाने कचऱ्यात टाकल्या, त्या कशाच्या होत्या हे त्याला अजून कळलेलं नाही.

वजन साडेतीन-चार किलोंनी उतरलं तेव्हा गोळीशिवाय पाळी आली, अडतीस दिवसांनी. मला एवढा आनंद झाला की मी मायला फोन केला. ती म्हणाली, ‘आता कानबाईले गोळ्या लागतीन तुले.’

त्यानंतर लेट्रोझोल, अंडं फुटावं म्हणून द्यायची गोळी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. अमळनेरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘ताई, कॅन्सर कोणाला?’ मी पाकिटातला कागद वाचला, खरंच स्तनाच्या कर्करोगाचं औषध. रात्री नवऱ्याला दाखवला, त्याने नेटवर शोधलं तर भारतात बंदी होती असंही निघालं. दोघांना झोप नाही. सकाळी मॅडमना फोन. त्या चिडल्या नाहीत, हा प्रश्न त्यांना रोजचाच असावा. औषध मूळ कर्करोगाचंच आहे. इस्ट्रोजेन तयार होणं ते काही दिवस अडवतं. इस्ट्रोजेन कमी पडलंय असं वाटून मेंदू एफएसएच हे अंडं वाढवणारं हार्मोन जास्त सोडतो, आणि त्या जोरावर अंडाशयातली एखादी अंड्याची पिशवी वाढायला लागते. गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत औषध शरीरातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी ते वापरायला बंदी आली होती, 2017 मध्ये ती उठली. मधल्या काळात, 2014 साली अमेरिकेत 750 पीसीओएसवाल्या बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. पाच पाळ्यांपर्यंत औषध दिल्यावर जुन्या क्लोमिफीनने शंभरात एकोणीस जणींना बाळ झालं, लेट्रोझोलने सत्तावीस-अठ्ठावीस जणींना. त्या बायकांचं सरासरी वजन बरंच जास्त होतं, हेही त्यांनी सांगितलं. 2018 पासून जगभरच्या मार्गदर्शनात पहिलं औषध हेच. मला तो सत्तावीसचा आकडा आवडला नाही, पण कोणीतरी छातीठोक ‘होऊनच जाईल’ म्हणण्यापेक्षा तो ऐकून मला जास्त धीर आला.

औषध घेतलं की फॉलिक्युलर स्टडी. म्हणजे नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी करून पिशवी किती मिलिमीटर झाली ते बघायचं. ही सोनोग्राफी खालून होते, लघवी करून जायचं असतं, आणि पहिल्या वेळी मी सवयीने बाटलीभर पाणी पिऊन गेले तेव्हा ताईंनी परत पाठवलं. दिवसाआड जळगावला जाऊन नोकरी टिकणार नव्हती. मग मॅडमनीच तोड काढली. अमळनेरच्याच एका सोनोग्राफी सेंटरला माप घ्यायचं, कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि गरज पडली तरच जळगाव गाठायचं. गावाकडच्या बायकांनी हे आवर्जून विचारावं. पुष्कळ जणी उपचार सोडतात ते पैशापायी नाही, खेपांपायी.

भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी, खाली बसलेल्या सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्यात मी. नंबर लागेपर्यंत प्रत्येक जण विचारणार, ‘कितवा महिना?’ मी म्हणायचे, ‘बारावा दिवस.’ पुढे कोणी काही विचारत नसे.

पहिल्या महिन्यात 2.5 मिलिग्रॅमवर काहीच झालं नाही. सगळ्या पिशव्या सात-आठ मिलिमीटरवर ठाण मांडून बसल्या. पुढच्या वेळी डोस दुप्पट केला, तेव्हा उजव्या बाजूला एक वाढायला लागली. बारा, मग चौदा, मग सतरा. मोठी होत असलेली पिशवी दिवसाला साधारण एक-दोन मिलिमीटर वाढते आणि अठराच्या पुढे गेली की फुटायच्या बेताला येते. शिवाय गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे तेही बघतात, माझं साडेआठ होतं. एकोणीस झाली त्या दिवशी ट्रिगरचं, म्हणजे एचसीजीचं इंजेक्शन घेतलं. त्यानंतर साधारण छत्तीस तासांच्या आसपास अंडं बाहेर येतं. मॅडमचा मेसेज आला, ‘आज आणि उद्या.’

मे महिना होता. मे महिन्यात खान्देशात घरातलं कोणी घरात झोपत नाही. जेवणं झाली की गच्चीवर पाण्याचे सडे, मग गाद्या. सासू, सासरे, मोठे दीर, जाऊ, त्यांची दोन पोरं आणि आम्ही, सगळे एका ओळीत. आमच्या लग्नानंतरचे सगळे उन्हाळे तसेच गेलेले. त्या रात्री नवऱ्याने जाहीर केलं की खालच्या खोलीतला कूलर दुरुस्त केलाय, चालतो का ते रात्रभर बघावं लागेल. दीर म्हणाले, मीही येतो, वर फार गरम होतंय. नवरा इकडे-तिकडे बघायला लागला. तेव्हा सासूबाई गादीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘त्यासले जाऊ दे खाले. तू आठेच झोप.’ आणि माझ्याकडे न बघता, ‘माले समजस सगळं.’ कूलरचा आवाज एवढा होता की तो दुरुस्त झाला होता यावर कोणाचाच विश्वास बसला नसता.

दोन दिवसांनी सोनोग्राफीत पिशवी फुटलेली दिसली. त्या महिन्यात राहिलं नाही. पाळी आली त्या दिवशी मी जिनिंगच्या बाथरूममध्ये रडून घेतलं. मॅडम मात्र खूश होत्या. त्यांच्या लेखी मुख्य अडचण सुटली होती, अंडं फुटत होतं. आता मीही त्या वीस-पंचवीसवाल्या रांगेत आले होते. तीन-चार पाळ्यांत अंडं फुटूनही राहिलं नाही तर नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, करू असं त्यांनी सांगितलं. औषधानेच फुटलं नाही तर इंजेक्शनं किंवा दुर्बिणीने अंडाशयाला छोटी छिद्रं पाडायची, आणि त्यानंतर आयव्हीएफ. खिशातला तो छापील कागद या यादीत कुठे बसतो हे मला तेव्हा दिसलं.

आखाजीला माहेरी गेले होते. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण, झोके, गौराईची गाणी, सगळ्या बहिणी जमणार. आणि प्रत्येक जण, अगदी किराणावालासुद्धा, ‘काई शे का?’ विचारणार. एकीने डोहाळजेवणात माझी ओटी भरायचं टाळलं, तेही त्याच सुमारास. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कोणी सप्तशृंगीला नवस बोललं, कोणी मनुदेवीला. नवसाला माझी ना नव्हती. पण आत्याने आणलेली काळी पूड मी घेतली नाही, तिच्यात काय आहे ते तिलाही सांगता येत नव्हतं.

पावसाळा सुरू झाल्यावर, कपाशीच्या लागवडीच्या धांदलीत, एका सकाळी घरच्या टेस्टवर दुसरी रेषा आली. फिक्की. मला पट्ट्यांचा अनुभव होता, त्यामुळे मी कोणालाच सांगितलं नाही. रक्ताची बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची तपासणी केली, दोन दिवसांनी परत केली, आकडा दुपटीच्या पुढे गेला तेव्हा नवऱ्याला दुकानात फोन केला. तो म्हणाला, ‘बरं,’ आणि फोन ठेवला. मग पाच मिनिटांनी त्याचा परत फोन, ‘काय म्हणालीस?’

पीसीओएसवालीचं काम तिथे संपत नाही. गरोदरपणात शुगर आणि बीपी वाढायचा धोका तिला जास्त. पहिल्याच तपासणीला 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, दोन तासांनी रक्त. 140 किंवा त्याच्या वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. माझं काठावरून सुटलं, सहाव्या महिन्यात मात्र 152. परत भाकरी, परत चालणं, बोट टोचून शुगर. इन्सुलिन लागलं नाही. बाळंतपण सिझेरियननेच झालं, कारणं दुसरी होती. मुलगी झाली, 2 किलो 900 ग्रॅम. बाळंतपणात मायने डिंकाचे लाडू पाठवले आणि मॅडमनी फोनवर ते मोजून द्यायला सांगितलं.

दीड महिन्याने दाखवायला गेले, तेव्हा शुगरची तपासणी परत झाली. नॉर्मल. पण दरवर्षी बघायची, आणि पाळी तीन महिन्यांच्या वर लांबली तर यायचंच, कारण अस्तर साचत राहणं पुढे गर्भाशयासाठी बरं नाही. सगळं लिहून झाल्यावर मॅडमनी पेन ठेवलं आणि विचारलं, ‘आणि आता काय वापरणार?’

आम्हाला कळेना. ‘कशासाठी?’ नवऱ्याने विचारलं.

‘पाळणा लांबवायला. अंडं कधी फुटेल ते तिच्या शरीरालाच माहीत. आधी पाळी यायची वाट बघत बसलात तर दुसरं घेऊन याल, आणि टाके अजून ओले आहेत.’

सासूबाई सोबत होत्या. त्यांनी मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरची सिस्टर डोकावली. परतीच्या गाडीत धरणगाव येईपर्यंत आम्ही तांबी की गोळ्या यावर वाद घालत होतो. तांबी ठरली.